चार फूट सात इंचांवरची वाट

"हलू नकोस. टाचा टेकव."

"टेकवल्यात की. पोलिसांत भरती करताय का मला?"

वरलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून ताठ उभी होती. हाताला अजून दोश्याचं पीठ होतं, ते कशाला लागू नये म्हणून तिने दोन्ही हात पुढे धरले होते. बाळकृष्णरावांनी पोलादी गुण्या चौकटीवर आडवा टेकवला, सरकवत सरकवत तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणला आणि पेन्सिलीने बारीक खूण केली. मग टेप लावली. एकदा मोजून त्यांचं समाधान होत नसे, तीनदा मोजलं.

"चार फूट सात."

"माझी उंची चार अकरा आहे. सर्व्हिस बुकात लिहिलेली आहे."

"उंची कोणाला हवी आहे? मला तुझे डोळे कुठे असतात ते हवंय."

ती हात धुवायला आत गेली. जाताना डावा खांदा दाराच्या चौकटीला थडकला. हल्ली रोज थडकत असे. बाळकृष्णरावांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

बाळकृष्णराव सरकारी आयटीआयमध्ये फिटरचे इन्स्ट्रक्टर होते. तेहतीस वर्षं त्यांनी मुलांना कानस कशी धरायची ते शिकवलं. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा द्यायचा आणि त्याचा चौरस घासून घ्यायचा, असा की गुण्या लावला तर मधून उजेड दिसता कामा नये. पहिल्या महिन्यात पोरं रडकुंडीला येत. पुढे हीच पोरं तिरुच्चीच्या कारखान्यांत नोकरीला लागली की दिवाळीला मिठाई घेऊन यायची. माणूस मितभाषी. कापी, म्हणजे कॉफी, प्यायल्यावर डबरा-टंबळर, म्हणजे वाटी-पेला, स्वतः विसळून पालथं घालणारा. चार पिढ्यांपासून तंजावरकडचं मराठी घर. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि वहीत जे काही लिहायचं ते तमिळ लिपीत.

लग्न झालं तेव्हा त्यांची नेमणूक नागपट्टणमला होती. वरलक्ष्मी सरकारी आरोग्य सेविका. तिचं उपकेंद्र ओरत्तनाडूच्या पुढे, कालव्याकाठच्या एका लहान गावात. बदली मिळेल, पुढच्या वर्षी मिळेल, असं म्हणता म्हणता एकोणीस वर्षं गेली. ती सासूसासऱ्यांजवळ ओरत्तनाडूला राहायची. सकाळी पावणेआठच्या बसने निघायची, कालव्याच्या पुलाजवळ उतरायची आणि तिथून कालव्याच्या बांधावरून दीड किलोमीटर पायी उपकेंद्राला जायची. खांद्याला लशींची पेटी, हातात छत्री. संध्याकाळी त्याच वाटेने परत.

बाळकृष्णराव शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. रविवारी उपकेंद्र बंद. म्हणजे ज्या वाटेवर त्यांच्या बायकोने एकोणीस वर्षं रोज तीन किलोमीटर तुडवले, ती वाट त्यांनी कधी पाहिलीच नाही. ती मात्र सांगत असे. आज मदगूच्या, पाणी सोडायच्या दाराच्या, दगडावर साप होता. आज पुलाजवळच्या विशालाक्षीने ताक दिलं. आज ताडाखाली एका बाईला कळा सुरू झाल्या आणि तिथेच सगळं करावं लागलं, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. बाळकृष्णराव ऐकत, मान डोलवत. दमून आलेले असत, कधी ऐकता ऐकता डोळा लागायचा. पुढे दोघांची बदली तंजावरात झाली, एकत्र संसार सुरू झाला आणि त्या वाटेचं बोलणं हळूहळू बंद झालं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच होता. उजव्याचं दिसणं कडेकडेने आत सरकत चाललं होतं. "नळीतून बघितल्यासारखं," ती डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. आहे ते थेंब घालून जपायचं. किती दिवस जपलं जाईल ते सांगता येत नाही.

त्या दिवशी रिक्षातून घरी येताना ती एकच वाक्य बोलली होती. "एकदा त्या बांधावरून चालून यायला हवं होतं हो."

"जाऊ की. त्यात काय?"

"कुठे जाणार? बांध कुठे आहे आता?"

ते खरंच होतं. ती निवृत्त झाली त्याच वर्षी कालवा रुंद केला. पश्चिमेकडचा बांध कापून काढला, पाचएक पावलं मागे सिमेंटचा नवा काठ बांधला आणि पलीकडच्या काठावरून गाड्यांचा रस्ता नेला. जुन्या बांधाच्या जागी आता पाणी होतं. तिची वाट पाण्यावरून, हवेतून जात होती.

तिला ती वाट दाखवायचा पहिला प्रयत्न साईरामचा. साईराम हा रावांचा जुना विद्यार्थी, आपल्याच लोकांतला. वय पंचेचाळीस, पोट सुटलेलं, तोंडाची टकळी अखंड चालू. फिटरकी सोडून त्याने लग्नाचे फोटो काढायचा स्टुडिओ टाकला होता आणि लग्नांत ड्रोनही उडवायचा. रावांनी विषय काढल्यावर तो म्हणाला, "एवढंच ना सार? उद्या घेऊन येतो." आणला. ड्रोनने काढलेला व्हिडिओ टीव्हीला जोडून दाखवला. उंचावरून कालवा, हिरवी शेतं, नारळांचे झुपके, सगळं झकास. मागे नादस्वरमसुद्धा घातलं होतं.

वरलक्ष्मी टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून डोकं हलवत हलवत बघत होती.

"कसं आहे मामी?"

"छान आहे. तालुका ऑफिसात भिंतीवर असतो तसा नकाशा आहे." मग त्याचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं. "अरे, मी काय घार होते का? मी पायी जात होते. आणि तू बघशील तेच मला बघावं लागतं. मला डावीकडे बघायचं असलं की तू उजवीकडे वळतोस."

साईराम खाली मान घालून वायर गुंडाळत बसला. मग एकदम म्हणाला, "सार, माझ्याकडे एक मोडका कॅमेरा आहे."

त्या कॅमेऱ्याला दोन डोळे होते, एक पोटाला आणि एक पाठीला. दोघे मिळून वर, खाली, चहूकडे, सगळं एकाच वेळी टिपायचे. मग फोन एका जाड चष्म्यात बसवायचा, तो चष्मा डोळ्यांना लावायचा आणि डोकं वळेल तिकडचं दिसणार. एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी कॅमेरा पायऱ्यांवर आपटला होता. कवच फुटलं, आतलं यंत्र मात्र शाबूत राहिलं. हे उघडं यंत्र कोणत्याही तयार ड्रोनवर बसत नव्हतं. बसवलं की ड्रोनचे हातपाय चित्रात यायचे.

"म्हणजे सांगाडा आपणच करायचा," बाळकृष्णराव म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा झाला होता.

मागच्या पडवीत त्यांचा व्हाइस, म्हणजे लोखंड पकडायचा शिकंजा, होता, निवृत्त झाल्यापासून नारळ सोलायच्या कामाला लागलेला. तो पुसून तेलपाणी झालं. पहिला सांगाडा अॅल्युमिनियमच्या पट्टीचा. साफ काम, एकेक भोक जागच्या जागी. साईरामने मोटारी, पंखे, बॅटरी जोडली आणि वजन केलं. तीनशे चाळीस ग्रॅम.

"अडीचशेच्या आत हवं सार. वर गेलं की परवाने, परीक्षा, कागदांचा डोंगर. आणि इथे तंजावरात तर उडवायचंच नाही, हवाई दलाचा तळ आहे. माझ्यासकट तुम्हालाही नेतील."

"नेऊ दे," आतून आवाज आला. "तिथे तरी वेळेवर जेवतील."

दुसरा सांगाडा कार्बनच्या पातळ पत्र्याचा. तो कापताना भुकटी उडते, ती छातीत जाता कामा नये, म्हणून राव परातीत पाणी घेऊन पत्रा पाण्याखाली धरून कापायचे. परात वरलक्ष्मीची होती. तिने मागितली नाही, नवी आणवली. सांगाडा झाला, वजन दोनशे ऐंशी. पण चित्रात चारही बाजूंनी काळे पाय दिसले, कोळी कॅमेऱ्याला मिठी मारून बसल्यासारखे.

मग त्यांना मेख कळली. एक डोळा वर बघतो, एक खाली. दोघांना मिळून सगळं दिसतं, पण दोघांच्या मध्ये कमरेला एक चपटा पट्टा राहतो, तो कोणालाच दिसत नाही. अंगठ्याच्या नखाएवढी जाडी. मोटारी, पंखे, तारा, बॅटरी, सगळा संसार त्या पट्ट्यात मावायला हवा. मावला की ड्रोन स्वतः चित्रातून नाहीसा होतो. उरतं ते फक्त बघणं.

हे कळल्यावर त्यांची झोप उडाली, आनंदाने. तिसरा सांगाडा, चौथा. बॅटरी उभी होती ती आडवी केली. पोलादी स्क्रूंच्या जागी नायलॉनचे घातले. जिथे जोर येत नाही तिथे भोकं पाडली, एका भोकामागे अर्धा ग्रॅम. ओळखीच्या सोनाराकडे जाऊन वजन करून यायचे. सोनार विचारी, "सार, नात झाली का? कमरपट्टा करताय?"

चित्र थरथरत होतं. मोटारींचा हादरा कॅमेऱ्यापर्यंत जायचा आणि ताडाची झाडं पाण्यातल्या सावलीसारखी हलायची. रबर लावून पाहिलं, वजन वाढलं. स्पंज लावला, कॅमेरा डुलायला लागला. एके सकाळी वरलक्ष्मी म्हणाली, "नेट्टी लावून बघा." नेट्टी म्हणजे आपलं भेंड, ज्याची बाशिंगं करतात ते. तंजावरात त्याची देवळं कोरून काचेच्या पेटीत विकतात. ती पुढे म्हणाली, "लशीच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून मी पेटीत नेट्टीचे तुकडे घालायची. एकोणीस वर्षांत एक बाटली फुटली नाही."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तुम्ही झोपला होतात."

कारागिराकडून त्यांनी भेंडाच्या चार चकत्या आणल्या, कानशीने नाही तर दाढीच्या पात्याने तासल्या, कॅमेऱ्याखाली बसवल्या. चित्र ठाम उभं राहिलं. सोनाराच्या काट्यावर वजन भरलं दोनशे सत्तेचाळीस. राव बाहेर आले आणि भर बाजारात उभं राहून त्यांनी साईरामला फोन लावला. "झालं," एवढंच म्हणाले.

तोवर नवरात्र आलं होतं. उडवायचा मुहूर्त वरलक्ष्मीने ठरवला, विजयादशमी. आदल्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी घरातलं कुठलंही हत्यार वापरायचं नाही. सगळी धुऊन पुसून पाटावर मांडायची, गंध-कुंकू लावायचं आणि विश्रांती द्यायची. पाटावर कानशी, व्हर्नियर, गुण्या, तिचा जुना स्टेथोस्कोप, शिलाई मशीनचं डोकं आणि मधोमध तो ड्रोन. वरलक्ष्मीने बोटांनी चाचपत एकेकाला चंदन लावलं, त्यावर कुंकू. ड्रोनचं कपाळ कुठलं ते तिने बोटानेच शोधलं. सगळ्यात वर जे गुळगुळीत, गोल होतं तेच.

ती आरतीसाठी कापूर आणायला गेली तेव्हा रावांनी पाहिलं. कॅमेऱ्याच्या वरच्या डोळ्यावर चंदनाचा टिळा आणि त्यात कुंकवाचा ठिपका.

आता काय करावं? पूजेचं कुंकू त्या दिवशी पुसायचं नाही. आणि सुवासिनीने लावलेलं कुंकू नवऱ्याने पुसायचं हे तर त्या घरात तोंडाने उच्चारायचीही सोय नव्हती. तिला सांगावं, तर ती म्हणेल, मला एवढंही दिसलं नाही. तिच्या तोंडून ते वाक्य त्यांना ऐकायचं नव्हतं. त्यांनी नेसत्या वेष्टीचा, धोतराचा, सोगा बोटावर धरला, डोळा पटकन पुसला, त्याच बोटाने टिळा शेजारी सांगाड्यावर लावला आणि हात जोडून उभे राहिले. तेहतीस वर्षं पोरांना सांगत आले होते की काच आणि माप कपड्याने पुसायचं नाही, स्पिरिट लावून कापसाने पुसायचं. त्या क्षणी ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राव आणि साईराम मोपेडवरून निघाले. वरलक्ष्मी आली नाही. "मला तिथे जाऊन पाणी बघायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही वाट घेऊन या."

कालव्याला पाणी भरपूर होतं. जुन्या बांधाची खूण म्हणून दोनच गोष्टी उरल्या होत्या. पश्चिमेची ताडाची रांग आणि मदगूचा, म्हणजे पाणी सोडायच्या जुन्या दाराचा, दगडी खांब. तो आता भर पाण्यात एकटा उभा होता. वरलक्ष्मीने सांगितलं होतं की वाट ताडांपासून सहा पावलांवर होती, आणि खांबाचा माथा तिच्या गुडघ्याला लागायचा. त्यावरून रावांनी हिशेब केला, बांधाचा माथा कुठे, त्यावर चार फूट सात इंच कुठे. पाण्यापासून नऊ फूट.

"सार, जरा वरून नेऊ? पडलं तर थेट वाय्क्कालीत, कालव्याच्या पाण्यात."

"नऊ फूट."

"दहा?"

"साईराम, पहिल्या वर्षी तुझा चौरस मी कितीदा परत दिला होता?"

"अकरा वेळा सार. नऊ फूट."

एका बॅटरीत पाच मिनिटं, पाच मिनिटांत तिची जेमतेम पाचशे पावलं. म्हणून वाट पाच तुकड्यांत. पलीकडच्या रस्त्यावर राव मोपेड चालवत होते, पायी चालणाऱ्या बाईच्या चालीने, म्हणजे दर दहा फुटांवर मोपेड बंद पडत होती. मागे साईराम आडवा बसून, डोळे पाण्यावर लावून, अंगठ्यांनी यंत्र हाकत होता. शेतातल्या बायका लावणी थांबवून कमरेवर हात ठेवून बघत होत्या. ड्रोन ताडांपासून सहा पावलांवर, कोणी अंगाने लहान बाई घाई न करता कामावर चालली आहे तसा, हवेतून चालला होता.

दुपारी साईरामने फोनच्या लहान पडद्यावर घाईघाईत तुकडे जोडले आणि फोन चष्म्यात बसवून वरलक्ष्मीला दिला. तिने साडीचा पदर खोचला, कुठे खरंच चालायला निघाल्यासारखा, आणि चष्मा लावला.

आधी ती हसली. उजवीकडे मान वळवली, वर पाहिलं, परत उजवीकडे. "ताड वाढले," म्हणाली. मग डावीकडे वळली. तिथेच मान थांबली. पुन्हा उजवीकडे, पुन्हा सावकाश डावीकडे. थोड्या वेळाने तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"छान झालंय रे साईराम. अगदी छान."

साईराम खूश होऊन गेला. राव मात्र खूश झाले नाहीत. बायकोचं 'अगदी' त्यांना कळत होतं.

संध्याकाळी ती दिवा लावून झाल्यावर कॅलेंडरसमोर उभी राहिली. एक डोळा हाताने झाकला, मान डावीकडे उजवीकडे केली. राव मागे येऊन उभे राहिले.

"उजव्या डोळ्याचंही डावीकडचं गेलं वाटतं," ती शांतपणे म्हणाली. "त्या बाजूला सगळं लाल, धुरकट. विशालाक्षीचं घर त्याच बाजूला. ओटा दिसेल म्हणून बघत होते. असो. उजवी बाजू दिसली की."

उशीर झाला, हेच रावांच्या मनात आलं. पाच महिने अर्धा अर्धा ग्रॅम घासत बसलो आणि तेवढ्यात उशीर झाला. ती आत गेल्यावर ते खुर्चीत बसले. काही सुचेना, म्हणून तिला जे दिसलं नाही ते आपण तरी बघावं, म्हणून त्यांनी चष्मा लावला. डावीकडे वळले.

सगळं लाल, धुरकट.

त्यांनी चष्मा काढला, भिंतीकडे पाहिलं. भिंत स्वच्छ होती. पुन्हा लावला. लाल. उठून ते इतक्या घाईने आत गेले की या वेळी चौकटीला त्यांचाच खांदा थडकला.

"वरू, मलाही दिसत नाही!"

"अय्यो! काय झालं?"

"म्हणजे दिसतंय. तुलाही दिसतंय. डोळा नाही गं, कुंकू आहे ते!"

मग सगळं सांगावं लागलं. टिळा, कापूर, वेष्टीचा सोगा. ती हातातली पळी तशीच धरून ऐकत होती.

"म्हणजे माझा डोळा आहे तसाच आहे?"

"तसाच आहे."

ती पाटावर बसली. पदराने डोळे पुसले. मग मान वर केली.

"आणि मी लावलेलं कुंकू तुम्ही पुसलंत?"

"हो."

"वेष्टीने?"

"वेष्टीने."

"सकाळी तो डाग मीच घासत होते. म्हटलं, या वयात पान खायला लागले की काय!" आणि ती हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "मला सांगायचं होतंत. मी काय मोडले असते?"

बाळकृष्णराव स्पिरिटची बाटली आणि कापूस शोधायला गेले.

पुन्हा उडवायचं ठरलं, पण दुसऱ्या दिवशी पाऊस आला. इकडचा खरा पाऊस तोच, दसऱ्यानंतरचा. येतो, बसतो, उठायचं नाव घेत नाही. सात दिवस, नऊ दिवस. राव ओसरीत बसून आभाळाकडे बघत. ड्रोन डब्यात, काच स्पिरिटने तीनदा पुसलेली. मधल्या काळात डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, नळी थोडी आणखी बारीक झाली आहे. किती थोडी, ते रावांनी आकड्यात विचारून घेतलं आणि मग विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

दहाव्या दिवशी ऊन पडलं. निघताना वरलक्ष्मी चंदनाची वाटी घेऊन आली. साईराम डबा छातीशी धरून दोन पावलं मागे सरला.

"मामी, नको!"

"अरे थांब, घाबरू नको." तिने टिळा साईरामच्या कपाळाला लावला. "उडवणारा तू आहेस ना?"

या वेळी सगळं स्वच्छ आलं. वरलक्ष्मी खुर्चीत बसली, चष्मा लावला. राव समोर स्टुलावर बसले. चष्मा एकच होता. त्यांना दिसत होतं ते फक्त तिचं डोकं, इकडून तिकडे वळणारं. एकदा ती खाली वाकली. एकदा कोणाला तरी मान लववली. एका जागी तिने ओठ मिटून हुंकार दिला, समोरचं माणूस लांबड लावून सांगत असलं की देतो तसा. एकदा तर घाबरून पाय वर घेतला.

"काय आहे?" राव विचारत. "आता काय आलं?"

"थांबा हो. चालू द्या मला."

पंचवीस मिनिटं राव तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. पंचवीस मिनिटं ती त्यांच्यासमोर बसून होती आणि घरात नव्हती. रविवारच्या त्या सगळ्या संध्याकाळी त्यांना आठवल्या. ती सांगत असताना डोळे मिटले होते, आणि आता ते टक्क उघडे ठेवून बसले होते तर सांगायला कोणी नव्हतं.

तिने चष्मा काढला. डोळ्यांवर हात ठेवून थोडा वेळ बसली.

"पोचलीस?" त्यांनी विचारलं.

"पोचले. कुलूप आहे उपकेंद्राला." मग म्हणाली, "ओटा पाडलाय विशालाक्षीचा. टाइल्स बसवल्यात. पण चिंचेचं झाड आहे." थोडं थांबून, "फार भरभर नेलं हो साईरामने. मी थांबायची ठिकठिकाणी. याला थांबता येत नाही."

"येतं. फोनवर बोट ठेवलं की थांबतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे तोंड त्यांच्या दिशेला वळवून, नळीत त्यांचा चेहरा सापडेपर्यंत वाट पाहिली. मग चष्मा त्यांच्या पुढे धरला.

"लावा."

"मी?"

"तुम्ही कुठे आलाय त्या वाटेने? लावा. मी सांगते."

त्यांनी चष्मा लावला. पूल आला, ऊन आलं, खाली गढूळ पाणी सरकायला लागलं. शेजारी वरलक्ष्मीने खुर्ची ओढली आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ती डोळे मिटून बसली असावी, कारण तिच्या आवाजाला कुठे अडखळ नव्हती.

"आता उजवीकडे बघा. तिसरा ताड. वाकडा आहे ना?"

"आहे."

"तिथेच ती मुलगी झाली. थांबवा जरा."

बाळकृष्णरावांनी चाचपून फोनवर बोट ठेवलं. ताडाखाली पाणी होतं, पाण्यावर ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

"पाऊस होता त्या दिवशी," ती सांगू लागली. "माझी छत्री एका म्हातारीने धरली होती. नाव विचारायचं राहिलं तिचं. वाकून बघा, खाली दगड होते, तिथे माझी पेटी ठेवली होती..."

ते वाकून बघू लागले.